खाचेचा चेंडू

ताईंच्या बोटांना चेंडू ओळखता येतात, हे क्लबात कोणालाच ठाऊक नव्हतं. निदान ताईंचा तरी तसा समज होता.

अकरा वर्षं त्यांनी सरावाच्या मैदानावरचे गोल्फचे चेंडू धुतले होते. चिखलाने माखलेले, गवताचे डाग पडलेले चेंडू बादल्या भरभरून यायचे; ताई ते साबणाच्या पाण्यात घोळवून, ब्रशने घासून, टॉवेलवर मांडून ठेवायच्या. मग गुडघे कुरकुरू लागले आणि क्लबाने त्यांना पहिल्या होलपाशी असलेल्या लाकडी खोलीत बसवलं. एक खिडकी, एक फळा, एक घड्याळ, एक खुर्ची. कोण कधी खेळायला निघणार ते ठरवायचं आणि फळ्यावर लिहायचं. हुद्दा स्टार्टर. घरी मुलगी म्हणायची, "आई, तुझं बरंय. लोक ऑफिसात मान मोडून काम करतात, तू पिशवीत हात घालतेस."

तिचंही खोटं नव्हतं. बुधवार हा क्लबात सुट्या माणसांचा दिवस. ज्यांची ठरलेली चौकडी नव्हती, ज्यांचे जोडीदार गाव सोडून गेले होते, आजारी होते किंवा रुसले होते, असे सभासद सकाळी साडेसातपर्यंत येऊन आपापला खूण केलेला एक चेंडू ताईंच्या निळ्या पिशवीत टाकत. पावणेआठला ताई डोळे मिटून पिशवीत हात घालत आणि चार-चार चेंडू बाहेर काढत. ज्यांचे चेंडू एकत्र निघाले, ते चौघे एकत्र खेळणार. हा नको, तो हवा, असलं काही चालायचं नाही. न्यायाधीश असो नाहीतर बिस्किटांच्या कारखान्याचा मालक, पिशवीत सगळे सारखेच गोल.

पण बोटांना ते सारखे लागत नसत. दातांचे डॉक्टर दर बुधवारी कोरा चेंडू आणत. त्याच्या खळग्यांच्या कडा बोटांना टोचत. बँकेतून निवृत्त झालेल्या बाईंचा चेंडू वापरून मऊ झालेला. आणि मास्तरांचा तळ्यातून काढलेला, खरबरीत, एका बाजूला नखभर खाच असलेला. चेंडू बदलला तरी खाच असायचीच. मास्तर मारतातच तसे वेडेवाकडे, अशी ताईंनी मनाची समजूत घातली होती.

मास्तरांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. बायको गेल्यापासून त्यांचा खेळ संथ झाला होता. चेंडूपाशी उभे राहून ते आधी वारा बघत, मग तो कुठल्या डोंगरावरून आला ते सांगत, मग विचारत, "माझा कितवा फटका हो हा?" तीन वर्षांपूर्वी एकदा त्यांना घाईची मंडळी मिळाली. त्या दुपारी मास्तर एकटेच बाकावर बसून बुटाची नाडी सोडवत होते. सोडवतच होते. ताईंनी खिडकीतून ते पाहिलं आणि पुढच्या बुधवारी त्यांच्या बोटांनी पहिली लबाडी केली. मास्तरांसोबत बँकेतल्या बाई, शांत स्वभावाचा घड्याळवाला आणि बोटीवरचे निवृत्त कप्तान. कप्तानांना ऐकू कमी यायचं, त्यामुळे तेच तेच डोंगर त्यांना दर आठवड्याला नवे वाटत.

पुढे बहुतेक बुधवारी हेच. मात्र मागचे गट खोळंबू लागले. सगळ्यांत मोठा आवाज दातांच्या डॉक्टरांचा. त्यांना क्लबात तुफान म्हणत. साडेबाराला त्यांचा पहिला पेशंट तोंड उघडून बसलेला असायचा. अखेर कमिटीने ठरवलं: येत्या बुधवारी मास्तरांचा गट आठला निघून सव्वाबाराच्या आत परतला तर ठीक, नाहीतर मास्तरांनी बुधवारी येऊ नये. आणि चेंडू खुद्द सेक्रेटरी काढणार.

"राग मानू नका, ताई," सेक्रेटरी म्हणाले. "पण दर बुधवारी मास्तरांसोबत तेच तीन चेहरे? योगायोगाला काही मर्यादा?"

ताई फळा पुसत राहिल्या. तो आधीच स्वच्छ होता.

त्या बुधवारी मास्तर सातलाच आले. इस्त्रीचा शर्ट, कॉलरची एक बाजू आत मुडपलेली. चेंडू पिशवीत टाकताना खिडकीशी वाकून हळूच म्हणाले, "आज खाच नाही पाडली हो. साहेब काढणार ना? त्यांना कुठली कळायला?"

ताईंच्या हातातला खडूच मोडला. "म्हणजे ती तुम्ही..."

"चाकूने. तुम्हाला शोधायला त्रास नको म्हणून." मास्तर ओशाळून हसले. "तुम्ही एवढं करत होतात, मग मी नुसतं बसून राहायचं का?"

ताईंनी खिडकीतून हात काढून त्यांची कॉलर सरळ केली.

सेक्रेटरींनी पिशवीत हात घातला. पहिल्या खेपेला चारऐवजी पाच चेंडू काढले, मग परत टाकून ढवळले. दुसऱ्या खेपेला मास्तरांच्या खरबरीत चेंडूशेजारी एक कोराकरकरीत चेंडू निघाला.

"संपलं!" तुफान म्हणाले. "आज माझे पेशंट म्हातारे होणार."

आठला गट निघाला. ताईंनी त्या दिवशी डबा उघडला नाही. सव्वाबाराला शेवटच्या होलच्या हिरवळीवर कोणी नव्हतं. बारा वीस झाले. सेक्रेटरी शेजारी येऊन उभे राहिले. वाईट त्यांनाही वाटत असावं, कारण घड्याळाकडे बघायचं ते टाळत होते. बारा पंचवीसला चौघे दिसले. मास्तर मधोमध, हातवारे करत, आणि तुफान चक्क त्यांच्या चालीने चालत होते.

"दहा मिनिटं उशीर," सेक्रेटरी हळू म्हणाले.

"माझ्यामुळे," तुफान म्हणाले. "बाराव्या होलला झुडपात बॉल गेला. शोधायला तीन मिनिटं. मग दुसरा गेला. मग तिसरा."

"ही झाली नऊ."

"एक मिनिट मी शिव्या दिल्या. मास्तरांचा काही संबंध नाही. लिहायचंच तर माझं नाव लिहा."

बाराव्या होलच्या झुडपांत जो शिरतो, तो मोज्यांना कुसळं चिकटवून परततो. ताईंची नजर आपोआप खाली गेली. तुफानांचे मोजे पांढरेशुभ्र होते. सेक्रेटरींनीही ते पाहिलं. त्यांनी वहीत लिहिलं, "झुडपं वाढली आहेत, कापून घ्यावीत," आणि निळी पिशवी ताईंच्या मांडीवर ठेवली. "हे तुमचंच काम. मला चारपर्यंत मोजता येत नाही."

मास्तर बुटाची नाडी सोडवायला बसले, तसे तुफान पाणी प्यायच्या निमित्ताने खिडकीशी आले.

"पेशंट?" ताईंनी विचारलं.

"बसलाय ओरडत." त्यांनी ग्लास ठेवला. "अकराव्या होलला मास्तर म्हणाले, थांबा, वारा बघा. थांबलो. दहा वर्षांत पहिल्यांदा बॉल हवा तिथे पडला. हे आमच्या घरी सांगू नका हं. मला थांबता येतं हे बायकोला कळलं तर माझं काही खरं नाही."

पुढच्या बुधवारी पावणेआठला ताईंनी डोळे मिटून पिशवीत हात घातला. खरबरीत चेंडू, नखभर खाच. तो त्यांनी मुठीत घेतला. मग शेजारी बोटाला काहीतरी टोचलं. कोरा चेंडू, आणि त्यालाही खाच.

ती चाकूची नव्हती. इतकी गोल, इतकी गुळगुळीत खाच दात कोरायच्या यंत्राशिवाय पडत नाही.