आमचं मशीन आणि रामटेकचं पान

चार संशोधक एका खोलीत बसले की संशोधन किती होतं ते विचारू नका, पण किस्से मात्र भरपूर होतात! आमच्या नागपूरच्या लॅबमध्ये तर ते इतके साठलेत की चहा संपतो, किस्से संपत नाहीत.

आमचं काम तसं झकास. जगभर छापून येणारे पेपर मशीन लर्निंगच्या मॉडेलला वाचायला द्यायचे आणि उद्या कोणत्या विषयाचे दिवस येणार ते आजच सांगायचं. त्या मॉडेलला आम्ही नुसतं 'मशीन' म्हणतो. आमचे गाइड बोंद्रे सर त्याला जवळजवळ देवच मानतात. कोड लिहितो फैजान, रोज कामठीहून येतो. स्नेहल रामटेकची, पीएचडी करतेय. आणि मी, कागदावर संशोधक, एरवी चहा सांगणारा.

*

मशीनने पहिला अंदाज सांगायचा होता त्या दिवशी सर स्वतः पेढे घेऊन आले. पडद्यावर सर्वांत वेगाने वाढणारा विषय झळकला: 'लेखकांचे कोणतेही हितसंबंध गुंतलेले नाहीत.'

सर भारावून गेले. "वा! यावर आपल्याकडे कोणी काम करून राहिलं का?"

फैजानने पेढा गिळला. "सर, हे वाक्य आजकाल हर पेपरच्या शेवटी छापावंच लागते. विषय नाही हा!"

पेढे तोवर वाटून झाले होते.

*

सीताबर्डीत माझ्या काकांचं कपड्यांचं दुकान आहे. पुतण्या भविष्य सांगतो ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच!

"काय गा, येत्या दिवाळीले कोणता रंग चालन?"

"काका, मशीन फक्त संशोधनाचं सांगते."

काकांनी क्षणभर विचार केला. "बरं, मग हे संशोधनवाले कोणता रंग घालते, तेवढं विचारून सांग!"

मशीनला विचारायची गरजच नव्हती. आमच्या लॅबमध्ये अजून गेल्या दिवाळीचेच कपडे चालू होते.

*

एकदा मशीन म्हणालं, आता शेतकऱ्यांसाठी चॅटबॉट हाच उगवता विषय. झालं! सरांनी आपल्या सगळ्या विद्यार्थ्यांना चॅटबॉटच्या मागे लावलं. जो तो चॅटबॉटवर पेपर लिहू लागला. पुढच्या खेपेला मशीनने तो विषय आणखी वर चढवला.

"पाहा! अंदाज तंतोतंत खरा ठरला!" सर टाळ्या वाजवत होते.

फैजान माझ्या कानाला लागला. "अबे, आपलेच पेपर वाचून राहिलं ते!"

*

याच लाटेत बिचाऱ्या स्नेहलचा विषय वाहून गेला. पानवेलीवरचा रोग फोटोवरून ओळखायचा, हे तिचं पीएचडीचं काम. तिच्या बाबांचा रामटेकला पानमळा आहे. वेलींना एकदा कूज लागली की मळा हातचा जातो, आणि ते तिने लहानपणी पाहिलंय. सुट्टीच्या दिवशीही ही बाई मळ्यात पानांचे फोटो काढत असायची. अर्ध्याहून जास्त थिसिस लिहून तयार होता, फक्त सरांना दाखवायचा राहिला होता.

सरांनी तो विषय मशीनला विचारला. उत्तर आलं, अख्ख्या जगात पेपर शून्य!

"स्नेहल, ज्या गावाले कोणीच जात नाही, तिथली बस काहून पकडतेस? सोड तो विषय. चॅटबॉट घे."

स्नेहल त्या दिवशी रडली. मलाही फार वाईट वाटलं. पण सरांशी वाद घालायची छाती आमच्यात कोणाची? शेवटी फैजान म्हणाला, "रडू नको वं. झालेल्या कामाचा निदान एक पेपर तर धाडून दे. वाया काहून घालवतं?"

तिने एका छोट्या कॉन्फरन्सला गुपचूप पेपर पाठवला. तो छापूनही आला. मग ती निमूटपणे चॅटबॉट करत बसली.

काही दिवसांनी मशीनला नवे पेपर वाचायला दिले. सर्वांत वर, चॅटबॉटच्याही डोक्यावर, काय? पानवेलीवरचे रोग! काल शून्य पेपर होते, आज एक. मशीनच्या हिशोबात याहून जोरात काही वाढूच शकत नाही! फैजानला गोम लगेच कळली. त्याने तोंडात रुमाल कोंबला.

सर केबिनमधून जवळजवळ धावतच आले. हाच विषय आपण तिला सोडायला लावला होता, हे ते साफ विसरले होते.

"स्नेहल, तो चॅटबॉट सोड! मशीननं एकदम नवीन विषय शोधून काढला. पानवेल! अन् तू तर रामटेकची. तुझ्या मनात कधी आला कसा नाही हा विषय?"

"आला होता, सर."

सर ऐकण्याच्या मनःस्थितीत नव्हते. "आता पहिल्यापासून सुरुवात करावी लागन तुले. फोटो काढणं, लिहिणं, सगळंच. घाबरू नको. वर्षभर घे, मी काही म्हणणार नाही."

स्नेहलने चॅटबॉटची फाइल शांतपणे बंद केली.

"उद्या सकाळी आणते, सर."