त्याची लाट

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं टाळली. मुलगी विचारायची, "बाबा, तुम्ही सर्फिंग असं एकदम का सोडलंत?" मी गुडघ्यांचं कारण सांगायचो. गुडघे तेव्हा ठणठणीत होते. बायकोलाही मी तेच सांगितलं होतं. दोन वर्षांपूर्वी ती गेली, आणि लंडनजवळच्या मेडनहेडमधल्या या घरात आता खोटं सांभाळण्याचं कारण उरलं नाही.

ऐंशीच्या दशकात मी यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरच्या एका छोट्या हॉस्पिटलात भूल देणारा डॉक्टर होतो. पेशंटची ट्रॉली वॉर्डातून ऑपरेशन थिएटरात आणणारा एक पोर्टर माझा मित्र झाला. माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, विशीपासून त्या गार समुद्रात सर्फिंग करणारा. एकदा ट्रॉली माझ्या ताब्यात देताना म्हणाला, "डॉक, सगळ्यांना झोपवतोस, स्वतः कधी जागा होणार? शनिवारी ये."

"अहो, पुण्यात तलावातसुद्धा तुम्ही काठ धरून पोहायचात," बायको म्हणाली. तरी मी गेलो आणि चार हिवाळे जात राहिलो.

गावाच्या उत्तरेला खडकांची एक लांब जीभ समुद्रात शिरलेली आहे. लाट तिच्या टोकाशी पहिल्यांदा फुटते आणि मग खडकांच्या कडेकडेनं फुटत आत येते. तिथला नियम एकच होता. फुटणाऱ्या टोकाच्या सर्वांत जवळ जो असेल, लाट त्याची. तो निघाला की बाकीच्यांनी हात थांबवायचे. हे माझ्या मित्रानं मला पाण्यात उतरण्याआधी, गाडीजवळच शिकवलं होतं.

रबरी हूडही त्यानंच घ्यायला लावला. पाणी इतकं गार असायचं की डोकं बुडालं की कपाळात सुरी घुसल्यासारखं व्हायचं. हुडात माझे कान झाकले जायचे, चेहरा तेवढा उघडा. बाकीचे ओरडायचे, "आल्या बघा मठातल्या सिस्टरबाई!" हुडातून आवाज कमी येतो, पण येतो. हे लक्षात ठेवा.

चौथ्या हिवाळ्यातल्या नोव्हेंबरात कन्सल्टंटची, म्हणजे वरिष्ठ डॉक्टरची जागा तिसऱ्यांदा दुसऱ्याला मिळाली. श्वासनलिकेत नळी घालायला ज्याला मी शिकवलं होतं, त्याला. पत्र शुक्रवारी आलं. शनिवारी सकाळी आम्ही सहाजण पाण्यात होतो, ओहोटी लागलेली आणि खडक वर यायला लागलेले. तासभर मला एकही लाट मिळाली नाही. कोणीतरी हसत म्हणालं, "डॉक, बसची वाट बघतोयस का?"

"येईल त्याची," माझा मित्र म्हणाला. "घाई नको. पाणी उतरतंय, आता चुकायला जागा नाही."

मग ती लाट आली, त्या सकाळची सगळ्यांत मोठी. तो टोकाशी होता, माझ्या डावीकडे दहाबारा हातांवर. त्यानं फळीवर पालथं पडून हातांनी वल्हवायला सुरुवात केली. लाट त्याची होती, यात शंका नव्हती. मीही वल्हवू लागलो.

"डॉक! नको! मी येतोय!"

शब्द न् शब्द ऐकू आला. मी मान वळवली नाही. आयुष्यभर रांगेत उभा राहिलो, आज नाही, असं काहीतरी डोक्यात होतं. मी उभा राहिलो आणि त्याच्या वाटेत उतरलो. पाठीमागे त्याच्या फळीचा पाणी कापण्याचा आवाज जवळ येत गेला आणि अचानक थांबला. मला धडकण्याऐवजी त्यानं फळी खडकांकडे वळवली होती.

आम्ही त्याला ओढून बाहेर काढलं. उजवा दंड मधेच वाकला होता आणि मनगट लोंबत होतं. मी सांगितलं, "मूठ उचल." त्याला उचलता येईना. एक्स-रे व्हायच्या आधीच मला कळलं, हाडाबरोबर नसही गेली आहे.

कॅज्युअल्टीत त्याचीच ट्रॉली दुसरा पोर्टर ढकलत होता. "दार सांभाळ रे," ट्रॉलीवरचा माझा मित्र दात आवळून म्हणाला, "माझं काम बिघडवू नकोस." ड्यूटीवरच्या डॉक्टरनं मला विचारलं, काय झालं? सगळे माझ्याकडे बघत होते.

"हुडामुळे मला ऐकूच आलं नाही," मी म्हणालो.

ट्रॉलीवरून तो म्हणाला, "त्याला बोलू नका. हूड मीच घ्यायला लावला. चूक माझी."

तिथे मी तोंड उघडायला हवं होतं. मी त्याची नाडी धरून उभा राहिलो.

अशी नस बहुतेकदा वर्षभरात परत येते. त्याची आली नाही. ट्रॉली ढकलायचं काम गेलं, त्याला टपाल वाटायला दिलं. पण याहून वाईट पुढेच झालं. त्यानं त्या किनाऱ्यावर नियम घालून दिला: इथे हूड घालायचा नाही, एकाचा हात गेला तेवढा पुरे. लोकांनी ऐकलं. सगळे भर जानेवारीत उघड्या कानांनी पाण्यात उतरू लागले. तो स्वतःही, फळीवर पोटावर झोपून, डाव्या हातानं वल्हवत. गार पाण्यात वर्षानुवर्षं उघडे राहिलेल्या कानांत हाड वाढतं आणि भोक बुजत जातं. हे मला डॉक्टर म्हणून माहीत होतं. तरी मी नियम मोडा म्हणालो नाही. कारण विचारलं असतं तर काय सांगणार होतो?

नव्वदच्या दशकाच्या शेवटी, मेडनहेडला यायच्या आधी, मी त्याच्या घरी गेलो. वाक्य गाडीत शंभरदा म्हणून पाहिलं होतं. त्यानं डाव्या हातानं चहा ओतला. मी सुरुवात केली तसा तो पुढे वाकला, जरा बरा असलेला कान माझ्याकडे केला आणि म्हणाला, "मोठ्यानं बोल रे डॉक, दोन्ही बुजत आलेत." ओट्याशी त्याची बायको भांडी पुसत होती. ती थांबली. मला काय सांगायचंय ते ऐकायला दोघंही अगदी मनापासून थांबली होती.

मी ओरडून विचारलं, कानांच्या ऑपरेशनची तारीख मिळाली का.

पुढच्या हिवाळ्यात तो गेल्याचं तिच्या पत्रातून कळलं. म्हणायचं होतं ते एवढंच: तू हाक मारलीस ती मला ऐकू आली होती. तुझी काही चूक नव्हती. मला माफ कर.