घाटाची गाडी

जुनी गाडी घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिलं काय विचारणार? 'किती चालली?' असं मला वाटायचं. नंदुरबारात विचारतात, 'कुठं चालली?' तापीकाठचा केळीवाला शेतकरी तर फाटकातूनच ओरडतो, "घाटनी नको हां भाऊ!" घाटाची गाडी म्हणजे धडगावच्या वळणांवर माणसं वाहून वाहून क्लच जळालेली, ब्रेक झिजलेली जीप. दुसरी ती सपाटीची. आमच्या गाडीबाजारात सगळ्यांना हे पाठ आहे, समजावून सांगायची वेळच येत नाही.

मला हे काकांनी शिकवलं. काका म्हणजे नात्याचे कुणी नाहीत, जुन्या गाड्यांच्या बाजाराचे मालक. मी नाशिकहून शिकून परत आले तेव्हा येणारा-जाणारा प्रत्येक जण आईला माझ्या लग्नाचं विचारत होता, आणि या एका माणसानं मला काम विचारलं. "बेटा, अशी साइट बनाव, का ज्याले वाचता येत नही त्यालेबी गाडी सापडनी पाहिजे." मी हुरळून गेले. का नाही हुरळणार? घरातल्या टेबलावर बसून, कुणाची नोकरी न करता, माझ्या गावासाठी काहीतरी करायला मिळत होतं.

आणि मी ते मन लावून केलं. मोठमोठ्या साइटींवरचा सगळा पसारा काढून फेकला. लॉगिन नको, ओटीपी नको, इंग्रजी तर नकोच नको. किती माणसं बसणार, कितीपर्यंतची हवी, आणि सपाटीची की घाटाची, एवढंच विचारायचं. शेवटच्या दोन बटणांवर चित्रं काढली. एकावर सरळ रस्ता, दुसऱ्यावर हिरवागार डोंगर. काका खूश झाले. मी तर त्यांच्याहून खूश.

आईच्या हातात मोबाइल दिला आणि म्हटलं, गाडी शोधून दाखव. तिनं पटापट दाबलं, मग डोंगरापाशी थांबली. "हाऊ डोंगर कसाले काढा वं?"

"अगं, घाटाच्या गाड्या आहेत त्या."

"मंग डोंगरवर जावाले चांगल्या व्हतीन."

मी हसले. आईला गाड्यांतलं काय कळतंय, असं म्हणून मोबाइल काढून घेतला.

सुरुवातीला अडचण आली तर फोन करायला म्हणून साइटवर माझाच नंबर टाकला होता. त्यावर एक दिवस फोन आला. आवाज तरुण, मराठी एकदम शाळेतलं, शब्द सुटे सुटे ठेवलेले. "ताई, मी धडगावच्या वरच्या पाड्यावरून बोलतो आहे. तुमची साइट फार सोपी आहे. मला घाटाची गाडी मिळाली. उद्या घ्यायला येतो." मग आपणहून सांगायला लागला. त्यांच्या पाड्यापर्यंत आता कच्चा रस्ता झाला आहे, पण पाड्यावर गाडी नाही. वहिनीचे दिवस भरले तेव्हा तिला बांबूच्या झोळीत घालून सडकेपर्यंत आणली होती. आता झोळी नको, आपली गाडी हवी, आणि गाडी अशी हवी की घाटात दगा देणार नाही. म्हणून त्यानं डोंगराचं चित्र दाबलं होतं.

मी साइट उघडून त्यानं सांगितलेली जीप बघितली. काका स्वतः तिला 'खटारी' म्हणायचे.

तशीच गाडीबाजारात गेले. सगळं सांगितलं. काका ऐकून घेत होते, आणि ऐकता ऐकता त्यांचा चेहरा खुलत गेला. वर्षभर ज्या गाड्यांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं, त्यांना गिऱ्हाईक सापडलं होतं.

"त्यानी घाटनी मांगी, आपीन घाटनी दिधी. त्यामा खोटं काय शे, बेटा?"

तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हटलं, काका, त्याच्या गाडीत बायका-पोरं बसणार आहेत. ते म्हणाले, तो बघून घेईल, आपण कुणाच्या डोळ्यांवर पट्टी बांधली आहे का? आणि माझ्यासाठी चहा मागवला. मला तो चहा बघूनच संताप येत होता.

दुसऱ्या दिवशी मी फाटकातच उभी राहिले. तो आला, अंगात इस्त्रीचा शर्ट, सण असल्यासारखा. काकांच्या देखत मी त्याला सांगून टाकलं. "दादा, ही घेऊ नका. घाटाची म्हणजे घाटासाठीची नाही. घाटात चालून झिजलेली."

त्यानं मोबाइल काढला. डोंगराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. मला वाटलं भांडेल. भांडला असता तर बरं झालं असतं, भांडायला मी एका पायावर तयार असते. पण तो ओशाळला. "आमचं मराठी कच्चं आहे, ताई. घरात पावरी बोलतो. मराठी शाळेत शिकलो तेवढंच. घाटाची म्हणजे घाटासाठी, असं मला वाटलं. चुकलं का माझं?"

"तुमचं मराठी बरोबर आहे," मी म्हटलं. "आमचाच शब्द वाकडा आहे. मी बदलते."

"बदलला की बघतो," तो म्हणाला आणि धडगावची जीप पकडायला निघून गेला. काका पाठ फिरवून आत गेले.

मी घरी येऊन डोंगर पुसला आणि बटणावर लिहिलं, 'घाटात झिजलेल्या'. दोन-तीन दिवसांत काकांना कुणीतरी दाखवलं. त्यांचा फोन आला तो ओरडतच. झिजलेल्या? आपल्याच मालाला नाव ठेवतेस? दुकान मन्हं शे का तुन्हं? मीही काही कमी बोलले नाही. त्यानंतर साइटचा पासवर्ड चालेनासा झाला. काम धुळ्याच्या कुणाला तरी दिलं होतं.

मी रोज ती साइट उघडून बघायचे. माझी बटणं तशीच होती. माझा नंबर गेला होता. डोंगर परत आला होता, पहिल्यापेक्षा हिरवा, आणि खाली नवीन शब्द होता, 'घाट स्पेशल'. दाबलं की त्याच गाड्या, त्याच क्रमानं. मी पाड्यावरच्या त्या दादाला फोन लावला. लागला नाही. किती वेळा लावला देव जाणे, दर वेळी तीच बाई, संपर्क क्षेत्राच्या बाहेर. त्याच्या पाड्याचं नावही मी विचारून ठेवलं नव्हतं.

मग एका सकाळी त्याचाच आला.

"ताई, गाडी घेतली!" मागे गलका होता, पोरं किंचाळत होती, कुणीतरी हॉर्न वाजवत होतं. "तुम्ही शब्द बदलते म्हणाला होतात. मी थांबलो. मग बघितलं, बदलला होता. घाट स्पेशल. म्हणून घेतली. काल वर आणली. आज धडगावचा बाजार, सगळा पाडा बसला आहे. इथं टेकाडावर रेंज मिळते, म्हटलं, निघायच्या आधी ताईंना सांगू."

"दादा, ब्रेक कुणाला दाखवले का?"

"मिस्त्री धडगावात आहे, ताई. तिथपर्यंत घाट उतरूनच जावं लागतं."

"उतरवू नका! माझं ऐका. तो शब्द मी नाही लिहिला. गाड्या त्याच आहेत, झिजलेल्या. मिस्त्रीला वर आणा, पण गाडी खाली नेऊ नका."

फोन चालू होता, हॉर्न वाजत होता. मग तो पावरीत मोठ्यानं काहीतरी ओरडला. मला शब्द कळला नाही. हॉर्न थांबला. पोरं गप्प झाली. दार उघडल्याचा आवाज आला, मग दुसरं दार, आणि खूप पावलं जमिनीवर उतरली.

तो परत फोनवर आला तेव्हा आवाज अगदी हळू होता.

"ताई, स्पेशल म्हणजे चांगली, असं मला वाटलं. हेही चुकलं का माझं?"