ठासणीची बंदूक आणि काजूचं तेल

निघालो त्या सकाळी अब्बा बंदरावर आले नाहीत. ओट्यावर बसून ठासणीच्या बंदुकीच्या दस्त्याला काजूच्या टरफलाचं तेल चोळत होते. नळीच्या तोंडातून दारू नि छर्रे ठासायची आमची जुनी बंदूक, रानडुकरांपासून भात राखायला. ती मी सांभाळावी ही त्यांची इच्छा, नि मला शारजा गाठायची होती. महिनाभर घरात धुसफूस. उरलेल्या तेलाची बाटली त्यांनी माझ्याकडे सरकवली. "सुतार आहेस. लाकडाला तेल दे, नि धूर खाऊ दे." मान वर केली नाही. मीही सलाम करून निघालो. मनाशी ठरवलं, आधी त्यांचं पत्र येऊ दे, मग मी लिहीन.

गावी राहिलेल्या तुम्हाला वाटायचं, आम्ही सोन्यात लोळतोय. साठच्या दशकातली शारजा ती! वीज मोजक्या घरांत, दिरहम अजून यायचा होता, रुपयाच चालायचा. आठवडाभर खाडीवर लाँचच्या फळ्या तासायच्या, शुक्रवारी सुट्टी. त्या सुट्टीत मला जुन्या बंदुका दुरुस्त करायचा नाद लागला. शेजारच्या म्हाताऱ्या अबू सालेमकडे त्यांच्या आजोबांची तोड्याची बंदूक होती, पेटत्या वातीनं बार काढायची. दस्ता चिरलेला. नातवाच्या लग्नात तिचा बार काढायचा, एवढी एकच हौस उरलीय म्हणायचे. मी दस्त्याला जोड दिला, पितळेची पट्टी बसवली, घासून गुळगुळीत केला नि 'अब्बांनी दिलंय' म्हणत घरचं तेल चोळून दोन दिवसांत परत दिली. शहाणपणा नडला, दुसरं काय!

लग्नाला तीन महिने होते. अबू सालेमनी दस्त्याला गाल टेकवून नेम धरून पाहिला. दुसऱ्या दिवशी गालभर फोड. हे तेल कच्चं राहिलं की कातडी भाजते, आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं. म्हटलं, खलास, आता हा माणूस दारात उभं करायचा नाही. पण ते बंदूक घेऊन स्वतःच आले. मोडक्या हिंदीत म्हणाले, "हबीबी, बाप को पूछो."

आली का पंचाईत! आठ महिन्यांचा अबोला आमचा. दोन शुक्रवार टाळाटाळ केली. मग म्हाताऱ्याच्या गालाकडे बघवेना, म्हणून लिहिलं.

उत्तर चार ओळींचं आलं. "धूर विसरलास. महिनाभर चुलीवर टांग. बोटाला चिकटतंय तोवर कुणाला देऊ नकोस. अम्मीला डोळ्यांनी कमी दिसतं, अक्षर मोठं काढ."

शेवटची ओळ वाचली नि तिथंच फळीवर बसलो. अम्मीला अक्षरओळख नव्हती. आमच्या घरात पत्रं वाचायचे ते अब्बाच.

रडलो, लपवत नाही. बंदूक महिनाभर धुरात टांगली. लग्नात तिचा बार असा निघाला की उंट दोर तोडून पळाला. मी मात्र दर शुक्रवारी घरी पत्र लिहू लागलो, पाटीवर गिरवावं तशा अक्षरात.

आता मुलाच्या फ्लॅटवर असतो, शारजातल्याच अल नहदात. तेव्हा इथं नुसती वाळू होती. अब्बा गेले, बंदूक पोलिसांत जमा झाली, गावच्या चुलीच्या जागी गॅस आला. घर कुठलं विचाराल, तर मला सांगता यायचं नाही. परवा वाण्याची यादी लिहीत होतो, नातू म्हणाला, "दादा, व्हाय सो बिग?" म्हटलं, घरच्यांना वाचता यावं म्हणून.