रस्त्याखालचा दोर

आप्पांना उमापूरला घरी पोचवून दोन दिवस झाले, पण माझ्या मनात अजून सॅन फ्रान्सिस्कोची केबल कारच आहे...

आप्पा म्हणजे माझे वडील. गावात त्यांची पिठाची गिरणी होती. आई गेल्यावर मी हट्टानं त्यांना तिकडं माझ्याकडं नेलं. पण महिनाभर नुसते खिडकीत बसून... कशातच जीव रमेना.

एका रविवारी बळंच बाहेर काढलं, केबल कारमध्ये बसवलं. रस्त्यातल्या रुळांवरून चालणारा जुन्या धाटणीचा लाकडी डबा, समोर छातीवर येणारा चढ. चालक मधोमध उभा राहून एक भलामोठा लोखंडी दांडा अंगाचा भार टाकून ओढत होता.

"हिचं इंजिन कुठं हाय गं?" आप्पांनी विचारलं.

"असेल खाली कुठंतरी," मी म्हणाले. इंजिनिअर ना मी... सॉफ्टवेअरची!

उतरल्यावर आप्पा रुळांकडं बघत थांबले. रुळांच्या मधल्या फटीतून सळसळ ऐकू येत होती, गाडी पुढं निघून गेली तरी. "खाली दोर पळतोय," ते म्हणाले. "थांबतच न्हाई."

मग हे दोर जिथून फिरवतात, ते पॉवरहाउस बघायला त्यांना नेलं. माणसाहून उंच चाकं गरगरत होती. त्यांच्यावरून जाड पोलादी दोर रस्त्यांखाली जात होते, फिरून परत येत होते. आप्पांचा चेहराच बदलला.

"आगं, गाडीला इंजिनच न्हाई! इंजिन हितं, ते फिरतच ऱ्हातंय. दांडा ओढला की खालचा चिमटा दोर धरतोय, गाडी निघाली. सोडला आन् ब्रेक मारला की उभी. आपल्या गिरणीत जातं चालू-बंद कराया पट्टा सरकवायचो, तसंच की!"

त्यांचे हातवारे बघून तिथला एक वयस्कर कामगार जवळ आला. त्यानं मूठ आवळून दाखवली, सैल केली. आप्पांनीही तसंच केलं. दहा मिनिटं दोघांचं चाललं होतं... भाषांतराला मला कुणी बोलावलंही नाही.

परतताना आप्पा बोलतच होते. "पट्टा ढिला पडला की आवाज बदलायचा. मला कळायच्या आधी तुझ्या आईला कळायचं. लई तिखट कान तिचे..."

आई गेल्यापासून त्यांनी तिचा विषय पहिल्यांदाच काढला होता. मी खोदून खोदून विचारत गेले, ते सांगत गेले.

त्या गिरणीवर आमचं घर चाललं, मी शिकले. पण ती चालते कशी, हे त्यांना कधी विचारलंच नव्हतं. विचारायला एवढ्या लांब जावं लागलं... पण विचारलं, हे फार बरं झालं.