पांढरा गाऊन आणि आजीचा अबोला

टोकियोतल्या आमच्या फुनाबोरीत कचरा टाकायचे वार ठरलेले असतात, किश्शांचे मात्र नसतात. त्यामुळे आमच्या मराठी बायकांच्या ग्रुपमध्ये ते साठतच जातात. यंदा तर बॉलने कहर केला!

योकोहामातला एक क्लब दरवर्षी डेब्युटंट बॉल भरवतो. नुकत्याच वयात आलेल्या मुली पांढरे गाऊन आणि कोपरापर्यंत हातमोजे घालून प्रमुख पाहुण्यांपुढे गुडघ्यात लवून अभिवादन करतात, मग आपापल्या बाबांबरोबर वॉल्ट्झ नाचतात. तिकिटांचे पैसे लहान मुलांच्या कॅन्सर वॉर्डला. यंदा त्यात पहिल्यांदाच मराठी मुलगी होती, माझ्या मैत्रिणीची, सईची इरा. मी तालमींना फुकटची हजर!

*

इराचा बाबा मकरंद. आयटीवाला.

"मला नाच येत नाही!"

सई म्हणाली, "आणि गणपतीच्या मिरवणुकीत तासन् तास करतोस ते काय?"

"ती भक्ती आहे!"

शेवटी तालमीला आला. प्रत्येक गिरकीला कुणाला तरी धडकायचा आणि कमरेत वाकून "सुमिमासेन", म्हणजे माफ करा, म्हणायचा. समोरचाही वाकायचा. मग हा पुन्हा वाकायचा. तोवर गाणं संपलेलं!

*

एका तालमीला मी बटाटेवडे नेले. हातमोज्यांना मनगटापासून वर बारीक बारीक बटणं, काढणार कोण? सईने सरळ इराच्या तोंडात वडा कोंबला. ते बघून शेजारच्या जपानी आईने, इकडेतिकडे बघत, आपल्या लेकीला भरवला. लेक लाजून लाल! पण तोंड मात्र पुन्हा उघडलं.

पुढच्या तालमीला ती आई लेकीला घरूनच हातमोजे चढवून घेऊन आली. पर्समध्ये ओनिगिरी, म्हणजे भाताचे मुटके!

*

आणि मग पुण्याहून आजी आल्या. मकरंदच्या आई. गाऊन बघितला मात्र, पारा चढला.

"भरल्या घरात पोरीला पांढरंफटक? आणि परक्या माणसापुढे वाकायचं? आपल्या घरात कुणापुढे वाकायचं हे मोठी माणसं ठरवतात!"

त्यांनी इराशी अबोला धरला. इरा माझ्या खांद्यावर रडली. "काकू, आजी बोलली नाही ना, तर I'm not going."

मी आजींना समजवायला गेले. "आजारी लेकरांसाठी आहे म्हणून येईन," त्या म्हणाल्या, "पण बोलणार नाही." मोठ्या मिनतवारीने इरा तयार झाली. मला तर तिची फार काळजी वाटत होती.

*

बॉलच्या संध्याकाळी आजी नऊवारीत, पहिल्या रांगेत, प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी. पाहुणे म्हणजे त्या वॉर्डचे म्हातारे डॉक्टर.

मुलींच्या ओळीत इरा पहिली. डॉक्टरांपुढे झकास लवली. मग ठरलेल्या जागी जायचं सोडून, गाऊन आवरत आजींपुढे बसली आणि पायांवर डोकं ठेवलं.

आजींनी तिला उठवून जवळ घेतलं. "मोठी हो गं, माझी बाई ती!"

मी आणि सई ढसाढसा रडत होतो, म्हणून मागे काय चाललंय ते उशिरा दिसलं. दुसरी मुलगी डॉक्टरांपुढे लवली आणि तिनेही आजींचे पाय धरले. मग तिसरी. मग चौथी. पुढच्याने केलं ते मागच्याने करायचंच, हा इथला शिरस्ता! आजी रंगात आलेल्या, प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवून एकच आशीर्वाद, "चांगला नवरा मिळू दे हो!"

मुली संपल्या. डॉक्टरांनी कोट नीट केला, खुर्चीतून उठले आणि आजींपुढे वाकले.

आजींचा हात त्यांच्या टकलावर. "चांगला नवरा मिळू दे हो!"

"हाय!" डॉक्टर म्हणाले, म्हणजे जपानीत "हो!" आणि वर आभार, "अरिगातो गोझाइमास!"