भांडून पाहिलेला कोट

आमच्या गल्लीत कोट शिवून झाला, असं कुणी म्हणत नसे. कोट भांडून झाला का, असं विचारत. ही सगळी डॉन अटिलिओ इम्पारातोंची कृपा.

हे गृहस्थ, नावाआधीचं 'डॉन' म्हणजे आमच्याकडचं 'राव', शिंपी नव्हते. सुईत दोरा ओवायला सांगितला असता तर संध्याकाळ केली असती. व्होमेरोच्या टेकडीवर चढणाऱ्या रेल्वेच्या तिकीटखिडकीत त्यांची सगळी हयात गेली. त्या खिडकीतून माणूस फक्त छातीपासून वर दिसायचा. कुणाचा खांदा लोंबतोय, कुणाची कॉलर मानेपासून सुटलीय, हे बघता बघता त्यांची नजर अशी तयार झाली की त्यांनी मान हलवल्याशिवाय नेपल्सच्या आमच्या भागात एकही गिऱ्हाईक माझ्या दुकानातून कोट उचलेना. मी, सबातो, बापाच्या काळापासून कात्री चालवतोय. पण कोट पास करणार कोण, तर तिकीटबाबू!

पँट त्यांना निवृत्त झाल्यावर सापडली. माणसाला पायही असतात, हे तेव्हा कळलं, आणि मग उत्साहाला पारावार राहिला नाही. दुकानाबाहेरच्या पायऱ्यांवरून गिऱ्हाइकाला धावत खाली पिटाळायचं आणि आपण खाली उभं राहून इस्त्रीची घडी सरळ पडते का ते बघायचं. एकदा एक वकीलसाहेब गडगडत खाली आले. डॉन अटिलिओ त्यांना उचलायच्या आधी वाकून बघत म्हणाले, "घडी जागेवर आहे. पास!"

कोटाची परीक्षा मात्र भांडणात. त्यांचं म्हणणं असं की आरशासमोर माणूस पुतळा होऊन उभा राहतो, आणि पुतळ्याला गोणपाटसुद्धा बसतं. आम्ही लोक तोंडाने कमी आणि हातांनी जास्त बोलतो. हात वर गेला की कॉलरही मानेवरून उठत असेल, तर बाही जोडतात तो मुंढा चुकला, कोट नापास. म्हणून दुसऱ्या ट्रायलला, कोट कच्च्या टाक्यांवर असताना, डॉन अटिलिओ यायचे, माझी कॉफी प्यायचे आणि दुकानाच्या दारातच गिऱ्हाइकाचा अपमान करायला सुरुवात करायचे. समोरच्या गॅलऱ्यांमधल्या बायका वाटाणे सोलायचं थांबवून कठड्याला टेकायच्या.

हे सगळं सुरळीत चाललं होतं. मग त्यांच्या मुलीचं, तितिनाचं, लग्न ठरलं. मुलगा पार उत्तरेच्या तोरिनोचा, जिथे लोक हात न हलवता बोलतात; ऑरेलिओ, चष्म्याच्या काचा घासणारा. लग्नाचा कोट अर्थातच माझ्याकडे, आणि सासऱ्यांची अट एकच: त्यांनी पास न केलेला कोट घालून जावई चर्चची पायरी चढणार नाही. तारीख दोनदा पुढे गेली होती, एकदा खांद्यापायी, एकदा पँटच्या घेरापायी. खांद्यात काही नव्हतं, घेरातही नव्हतं. बायको गेल्यापासून त्या घरात बापलेक दोघंच, आणि पोरगी आता पार तोरिनोला निघालेली. हे अख्ख्या गल्लीला कळत होतं. कोटातल्या चुका शोधणाऱ्यालाच तेवढं कळत नव्हतं.

लग्न येत्या रविवारवर येऊन ठेपलं असताना तिसरी ट्रायल झाली. ऑरेलिओ हात पँटच्या शिवणीला चिकटवून उभा. तितिना खुर्चीत.

"तर तू तोरिनोचा," डॉन अटिलिओंनी बाह्या सारल्या. "तिथली कॉफी म्हणजे भांडी विसळलेलं पाणी."

"खरंय तुमचं. इथली फार छान असते."

"आणि हे नाक! नाक सकाळी पोचतं, तू दुपारी."

"आमच्याकडे सगळ्यांचंच असं आहे. आजोबांचं तर याहून मोठं होतं."

हात जागचे हलले नाहीत. समोरच्या गॅलरीतून शेजारच्या दोन्ना अमालिया ओरडल्या, "आईवर या, डॉन अटिलिओ! आता आईवर या!"

"तुझी आई..." डॉन अटिलिओ सुरू झाले आणि अडखळले. त्या बाईंनी साखरेत मुरवलेल्या चेस्टनटचा डबा पाठवला होता आणि तो यांनी एकट्याने संपवला होता. ते माझ्याकडे वळले. "मास्तर, हा माणूस हलतच नाही. कोट बघू कसा? लग्न पुढे ढकला."

तितिना उठली. "बाबा, आता नाही. आता ढकललंत तर आम्ही उद्याच्या गाडीने जाऊ आणि तिकडेच लग्न करू. हा नुसत्या शर्टात उभा राहिला तरी चालेल मला."

नुसत्या शर्टात! गॅलरीत कुणाच्या तरी हातातलं भांडं खाली पडलं.

डॉन अटिलिओ लालबुंद झाले आणि सगळा राग जावयावर निघाला. "जा, घेऊन जा तिला! मला काय? सकाळी उठून रेडिओ लावते. माझ्या कॉफीतली साखर चोरते. दारातून निघालो की माझी कॉलर नीट करते. माझी! अख्खं गाव माझ्याकडून कॉलर बघून घेतं, आणि ही रोज माझी कॉलर... घेऊन जा म्हणतो ना! एकदाची शांतता मिळेल मला. मिळेल..."

मी खाली वाकून टाचण्या शोधायचं सोंग केलं.

ऑरेलिओने आधी तितिनाकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे. मग दोन्ही हात वर केले आणि सासऱ्याच्या गळ्यात टाकले. कपाट उचलायला लावल्यासारखी मिठी मारली त्याने, सवय नव्हती बिचाऱ्याला. पण हात चांगले खांद्याच्या वर गेले होते. डॉन अटिलिओंचं तोंड माझ्या शिवलेल्या कोटाच्या खांद्यात पूर्ण बुडालं होतं. त्यांना काहीच दिसत नव्हतं.

आतून दबलेला आवाज आला, "मास्तर, कॉलर?"

मी मागे जाऊन पाहिलं. डाव्या बाहीचे कच्चे टाके तटतटा सुटत होते. कापडाच्या बाबतीत त्यांच्याशी मी कधी खोटं बोललेलो नाही.

"उठलीय, डॉन अटिलिओ. चांगली बोटभर."

त्यांनी कोटाची पाठ दोन्ही मुठींत घट्ट आवळली.

"उठू दे," ते म्हणाले.